तिकडे एबी फॉर्म नसतो, मग अध्यक्षपदाच्या इच्छुकांची यादी करायची कशी?

रंकाळ्याकाठची

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरला राज्यशास्त्रात एम.ए. करते. दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी २०२८ च्या अमेरिकन अध्यक्षपदाच्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाकडून कोण कोण इच्छुक आहे, हा विषय घेतलाय. दोन महिने तक्ता करतेय आणि आता पुरती अडकलेय.

आपल्याकडे इच्छुक ओळखायला वेळ लागत नाही. चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स लागला, दहीहंडीला टी-शर्ट वाटले गेले, की गल्लीतल्या पोरालाही कळतं, हे यंदा उभे राहणार. मग पक्षश्रेष्ठी ज्याच्या हातात एबी फॉर्म ठेवतील तो उमेदवार, उरलेले बंडखोर नाहीतर नाराज. अमेरिकेत पक्षाध्यक्षाकडे असा कागदच नाही. उमेदवारी राज्याराज्यांतल्या मतदारांकडून मिळवायची. मतदानाला सुरुवात व्हायच्या दोन वर्षं आधी कोण इच्छुक आणि कोण नाही, हे कशावरून ठरवायचं?

माझ्या तक्त्यात ३१ नावं झालीत. काही जनमत चाचण्यांतून घेतली, काही वर्तमानपत्रांतून. त्यातले निम्मे लोक म्हणतात, ‘मी उभा नाही.’ त्यांना काढून टाकू का? परवा सरांनी एकेका नावावर बोट ठेवून विचारलं, ‘हे कशाच्या आधारावर?’ आणि मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. रडू आलं खरंच.

अजून एक. माझी मावशी बेळगावची. ती म्हणते, अमेरिकेत राजकारणात असलेल्या आपल्या श्री ठाणेदारांचं नाव घालच. घालू का?

द्राक्षबागाईतदार, नाशिक

ताई, राष्ट्रीय चाचण्यांमधली पहिली पाच नावं घ्या आणि बाकीची सोडा. इतक्या लांबून आपल्याला दुसरं काय दिसणार? प्रकल्प वेळेत पूर्ण होणं महत्त्वाचं.

आयोवाकर

अगं, थांब. पहिली पाच घेऊ नकोस. नाशिकच्या दादांना दुखवायचं नाही, पण त्यात काय होतं ते मी इथे बसून पाहिलंय.

मी ऑगस्ट २००६ मध्ये आयोवाच्या राजधानीत, डे मॉइनला आले. नवऱ्याची नोकरी विमा कंपनीत, मी एच-४ व्हिसावर. नोकरी करायची परवानगी नाही, मत देण्याचा तर प्रश्नच नाही. सप्टेंबरात शेजारच्या आजी म्हणाल्या, चल इंडियनोलाला, सिनेटर टॉम हार्किन यांचं स्टेक फ्राय आहे. म्हणजे पक्षाच्या कामासाठी पैसे उभे करायचं उघड्या मैदानातलं जेवण. मी शाकाहारी, ताटलीत बटाट्याचं सॅलड घेऊन गवतावर बसले. त्या दिवशी मुख्य भाषण होतं इलिनॉयच्या एका तरुण सिनेटरचं, बराक ओबामांचं. जानेवारीतच त्यांनी टीव्हीवर स्वच्छ सांगितलं होतं की सिनेटची सहा वर्षं पूर्ण करणार. आजींनी मला त्यांच्या बरोबर फिरणारा माणूस दाखवला. तो स्टीव्ह हिल्डेब्रँड. २००० साली अल गोर यांची अध्यक्षपदासाठीची आयोवातली मोहीम त्याने सांभाळली होती. ‘नुसतं जेवायला आलेल्या सिनेटरला हा माणूस बरोबर लागत नाही,’ आजी म्हणाल्या.

२२ ऑक्टोबरला ओबामांनी विचार करतोय हे कबूल केलं. १६ जानेवारी २००७ ला चाचपणी समिती, १० फेब्रुवारीला स्प्रिंगफील्डला कडाक्याच्या थंडीत घोषणा. त्या सगळ्या वर्षात राष्ट्रीय चाचण्यांत पुढे होत्या हिलरी क्लिंटन, आणि रिपब्लिकनांकडे न्यूयॉर्कचे माजी महापौर रुडी जुलियानी. जुलियानी ३० जानेवारी २००८ ला बाहेर पडले. उमेदवारी मिळाली जॉन मॅकेन यांना, ज्यांच्या मोहिमेला जुलै २००७ मध्ये पैशाअभावी बरीच माणसं कमी करावी लागली होती. इतक्या आधीची राष्ट्रीय चाचणी एवढंच सांगते की लोकांनी कोणाचं नाव ऐकलंय.

त्या स्टेक फ्रायवरून घरी आले आणि वही काढली. अप्पा बळवंत चौकातून आणलेली, दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. मुळात हिशेबासाठी होती. त्यात रकाने आखले ते आजतागायत तेच आहेत: तारीख, गाव, नाव, कोणाच्या बोलावण्यावरून आले, बरोबर कोण होतं. शेवटचा रकाना मोठा, त्यात उमेदवारीबद्दल नेमके कोणते शब्द वापरले ते. तुझ्या सरांच्या ‘कशाच्या आधारावर’ला उत्तर हेच आहे. नावाशेजारी तारीख, गाव आणि कृती हवी. ती नसेल तर ते नाव अजून तक्त्यात यायला तयार नाही.

मी काय बघते सांगते. आधी गाव. ओहायोतल्या माणसाने ओहायोत भाषण दिलं तर त्याचा काही अर्थ नाही. कॅलिफोर्नियाचे राज्यपाल गॅव्हिन न्यूसम जुलै २०२५ मध्ये साउथ कॅरोलिनाच्या खेड्यांतून दोन दिवस फिरले, याला अर्थ आहे. इलिनॉयचे राज्यपाल जे. बी. प्रिट्झकर एप्रिल २०२५ मध्ये न्यू हॅम्पशायरला, मँचेस्टरमध्ये पक्षाच्या जेवणात बोलले. माजी वाहतूकमंत्री पीट बुटिजेज मे २०२५ मध्ये आमच्या सीडर रॅपिड्सला येऊन प्रश्नोत्तरं करून गेले. ही तिन्ही राज्यं उमेदवारीच्या मतदानात सुरुवातीला येत आली आहेत. तिथल्या माणसांना वर्षानुवर्षं हस्तांदोलनाची सवय झालीय आणि इच्छुकांनाही ते पाठ आहे.

मग माणसं. कोणी कोणाला पगारावर घेतलं? आयोवात काउंटी काउंटीचे कार्यकर्ते ओळखणारे लोक थोडेच असतात. ते एकाकडे गेले की दुसऱ्याला मिळत नाहीत. इच्छुक तोंडाने काहीही म्हणो, दर महिन्याचे पगार तो उगाच देत नाही.

आता ३ जानेवारी २००८ ची रात्र सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. मी निरीक्षक म्हणून शाळेच्या जेवणघरात भिंतीला टेकून उभी होते. बाहेर बर्फ, गाड्या लावायला जागा नाही, नावनोंदणीची रांग दाराबाहेर. त्या रात्री कॉकस होता, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायला गावोगावी भरणारी सभा. डेमोक्रॅटांच्या कॉकसमध्ये तेव्हा मतपेटी नसे. माणसं उठून आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जायची आणि डोकी मोजली जायची. ज्या गटात १५ टक्के नाहीत त्याने मोडायचं आणि दुसरीकडे जायचं. बायडन यांच्या कोपऱ्यात सहा माणसं होती. त्यात आमच्या वाचनालयातल्या बाई. ओबामांचे, क्लिंटनचे, एडवर्ड्सचे लोक त्यांना समजवायला आले. सतरा वर्षांचा एक मुलगा हात जोडल्यासारखा पुढे उभा राहिला. (नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत अठरा पूर्ण होणार असतील तर सतराव्या वर्षीही भाग घेता येतो.) बाईंचे डोळे भरले होते. त्या उठल्या आणि ओबामांकडे गेल्या. २००४ च्या जवळजवळ दुप्पट, सुमारे २ लाख ३९ हजार माणसं त्या रात्री राज्यभर डेमोक्रॅटांच्या कॉकसना आली होती. बायडन त्याच रात्री स्पर्धेतून बाहेर पडले.

माझ्या वहीत बायडन यांच्या नावापुढे ३ जानेवारी २००८ आहे. मी नाव खोडलं नाही, नुसती पुढे रेघ ओढून तारीख घातली. त्याच ओळीत पुढे २५ एप्रिल २०१९ आहे, त्यांची पुन्हा घोषणा. म्हणून तुला सांगते, नाव काढून टाकू नकोस. माघार, नकार, पराभव, सगळं तारखेसकट ठेव. कमला हॅरिस ३ डिसेंबर २०१९ ला पैसे संपले म्हणून बाहेर पडल्या, एकही मत पडायच्या आत. २१ जुलै २०२४ ला बायडन यांनी माघार घेतली आणि ५ ऑगस्टला पक्षाच्या अधिवेशनातल्या प्रतिनिधींच्या ऑनलाइन मतदानातून त्याच हॅरिस उमेदवार झाल्या. २०१९ साली कोणी ते नाव खोडून टाकलं असतं तर?

वहीच्याही मर्यादा सांगायला हव्यात. २१ सप्टेंबर २०१९ ला डे मॉइनच्या वॉटर वर्क्स पार्कमध्ये जवळजवळ दीड डझन इच्छुक एका दिवशी आले. त्याच संध्याकाळी डे मॉइन रजिस्टर या वर्तमानपत्राची चाचणी आली: एलिझाबेथ वॉरन २२ टक्के, बायडन २०. वॉरन यांनी आयोवात लवकर माणसं नेमली होती, माझी पानंच्या पानं त्यांच्या नावाने भरली होती. मला खात्री होती. फेब्रुवारी २०२० च्या कॉकसमध्ये त्या तिसऱ्या आल्या, बायडन चौथे. मग २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलिना जिंकून बायडन पुढे गेले. आयोवा गोरं राज्य आहे. डेमोक्रॅटिक पक्षाचा कणा असलेला कृष्णवर्णीय मतदार साउथ कॅरोलिनात आहे, आणि तो माझ्या वहीत नव्हता.

मला नागरिकत्व २०१८ मध्ये मिळालं. २०२० चा कॉकस माझा पहिला. त्या रात्री निकाल कळवायचं अ‍ॅप चाललं नाही, आकडे यायला कित्येक दिवस गेले. २०२४ ला डेमोक्रॅटांनी आयोवाचा सगळ्यांत पहिल्या मतदानाचा मान काढून घेतला, पसंतीची कार्डं टपालाने आली आणि निकाल मार्चमध्ये लागला. त्या जेवणघरात भिंतीला टेकून बारा वर्षं वाट पाहिली आणि एकदाच कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. याचं मला अजून वाईट वाटतं.

एडिसनचे काका

आयोवाकर ताईंनी पाय कुठे पडतात ते सांगितलं. मी कागद कुठे पडतात ते सांगतो. न्यू जर्सीत हिशेबनीस म्हणून तीस वर्षं काढली, त्यामुळे माझा विश्वास कागदावर.

इथल्या कायद्याप्रमाणे निवडणुकीसाठी पाच हजार डॉलरांच्या वर पैसे गोळा केले किंवा खर्च केले की माणूस उमेदवार ठरतो. त्यानंतर १५ दिवसांत फेडरल निवडणूक आयोगाकडे ‘फॉर्म २’ भरावा लागतो. त्याआधीच्या काळाला ‘पाणी जोखणं’ म्हणतात. त्यात फिरता येतं, चाचण्या करून घेता येतात, पण ‘मी उमेदवार आहे’ असं म्हणता येत नाही. म्हणून हे लोक इतकं जपून बोलतात. त्यात लाजणं नसतं, वकिलाचा सल्ला असतो.

जेब बुश यांचं उदाहरण घ्या. १६ डिसेंबर २०१४ ला म्हणाले, शक्यता तपासतोय. उमेदवारी जाहीर केली १५ जून २०१५ ला. मधले सहा महिने काय केलं? त्यांना पाठिंबा देणाऱ्या सुपर पॅकने, म्हणजे मोहिमेबाहेरच्या, देणगीला मर्यादा नसलेल्या समितीने, वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत १० कोटी डॉलरांच्या वर रक्कम उभी केली. एकदा अधिकृत उमेदवार झालं की अशा समितीशी संगनमत करता येत नाही आणि स्वतःच्या मोहिमेसाठी माणशी देणगीला मर्यादा येते. म्हणून घोषणा लांबवली. एवढे पैसे असून २० फेब्रुवारी २०१६ ला साउथ कॅरोलिनात हरून घरी गेले. तेव्हा पैसा हे इच्छेचं लक्षण धरा, विजयाचं धरू नका.

बेटा, एकटा फॉर्म २ पण पुरावा नव्हे. तो शेकडो लोक भरतात. २०१५ साली आयोवातल्याच पंधरा वर्षांच्या मुलाने टोपणनावाने भरला होता, आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या एका चाचणीत त्या टोपणनावाला ९ टक्के मिळाले! कागद आणि चाचणी दोन्ही फसले. त्यामुळे फॉर्मबरोबर पुढचे हिशेब बघायचे. निवडणुकीच्या आदल्या वर्षी ते तिमाहीला येतात: १५ एप्रिल, १५ जुलै, १५ ऑक्टोबर आणि मग ३१ जानेवारी. आयोगाच्या संकेतस्थळावर कोल्हापुरात बसूनही फुकट वाचता येतात. २०० डॉलरांच्या वर देणारा प्रत्येकजण नावगावासकट असतो. खर्चाची बाजू आधी वाच. विमानाची तिकिटं कुठली, कार्यालयाचं भाडं कुठल्या गावात, पगार कोणाला. जो अजून उमेदवार नाही, त्याची वेगळी राजकीय समिती असते. तिने साउथ कॅरोलिना किंवा न्यू हॅम्पशायरमधल्या कोणाला देणगी दिली ते बघ. दूरच्या राज्यातल्या आमदारकीच्या उमेदवाराला कोणी उगाच पैसे देत नाही.

आणि एक आठवण. डिसेंबर १९९१ मध्ये मी ऑल्बनीजवळ नोकरीला होतो. न्यूयॉर्कचे राज्यपाल मारियो कुओमो उभे राहणार हे सगळा देश धरून चालला होता. २० डिसेंबर ही न्यू हॅम्पशायरला अर्ज भरायची शेवटची तारीख. फी फक्त १,००० डॉलर. न्यूयॉर्कची राजधानी ऑल्बनी, तिथल्या विमानतळावर विमानं तयार उभी, तिकडे न्यू हॅम्पशायरच्या राजधानीत, काँकर्डला, पत्रकार वाट बघतायत. आमच्या कचेरीत दुपारपासून कोणी काम केलं नाही, सगळे रेडिओपाशी. शेवटी कुओमो बाहेर आले आणि म्हणाले, राज्याचा अर्थसंकल्प अडकलाय, मी जात नाही. मी त्यांचं भाषण ऐकून या देशावर प्रेम करायला लागलो होतो. त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही. पुढच्या वर्षी उमेदवारी बिल क्लिंटन यांना मिळाली. प्रत्येक राज्याची अर्जाची शेवटची तारीख तक्त्यात घाल. ती उलटली की सगळे अंदाज संपतात.

ठाणेदारांबद्दल मावशींना सांग: ते बेळगावात वाढले, मिशिगनला २०१८ मध्ये राज्यपालपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत तिसरे आले, २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघातून अमेरिकेच्या संसदेवर (तिला तिथे काँग्रेस म्हणतात) निवडून गेले. आम्हा सगळ्यांना त्याचा अभिमान आहे. पण राष्ट्राध्यक्ष जन्माने नागरिक असावा लागतो, ३५ वर्षांचा आणि १४ वर्षं देशात राहिलेला. त्यांचा जन्म भारतातला. त्यामुळे तक्त्यात नाही.

रंकाळ्याकाठची

आयोवाकर ताई, काका, तुमचे प्रतिसाद मी वहीत उतरवून घेतले. मावशीला सांगितलं, जरा गप्प झाली.

एकच विचारते. ‘नाही’ म्हणणाऱ्यांचं काय करू? ओबामाही ‘नाही’च म्हणाले होते, कुओमोही शेवटी ‘नाही’च म्हणाले. एक नकार खोटा ठरला, एक खरा. वाचताना ओळखायचा कसा?

आयोवाकर

शब्द जसेच्या तसे लिहून काढ आणि क्रियापदावर बोट ठेव. ‘मी सध्या या पदासाठी उभा नाही’ हे वर्तमानकाळातलं वाक्य आहे, ते उद्या सकाळी बदललं तरी माणूस खोटा ठरत नाही. ‘माझं सगळं लक्ष राज्याच्या कामावर आहे’ यात तर नकारच नाही. अगदी पक्का नकार कसा असतो ते अमेरिकन यादवी युद्धातले सेनानी जनरल शर्मन यांनी १८८४ मध्ये तारेने कळवलं होतं: उमेदवारी दिली तर स्वीकारणार नाही, निवडून दिलं तर काम करणार नाही. इथले पत्रकार अजून त्याच मापाने नकार मोजतात. तितका पक्का मला वीस वर्षांत क्वचित ऐकायला मिळाला.

ओबामांचं वाक्य मात्र भविष्यकाळातलं होतं आणि तरी बदललं, हे खरंय. म्हणून शब्दाच्या शेजारी गाव ठेवायचं. दोन्ही एका दिशेला जात असतील तर विश्वास ठेव. वेगळ्या दिशेला गेले तर गावावर ठेव.

आणि नकार कशाला दिला तेही बघ. बुटिजेज यांनी मार्च २०२५ मध्ये सांगितलं की मिशिगनमधून सिनेटलाही उभा राहणार नाही, राज्यपालपदालाही नाही. हॅरिस यांनी कॅलिफोर्नियाचं राज्यपालपद नाकारलं. या नकारांनी २०२७ आणि २०२८ मोकळं राहतं. न्यूसम यांची दुसरी मुदत जानेवारी २०२७ ला संपते, तिसऱ्यांदा त्यांना उभं राहता येत नाही. प्रिट्झकर यांचं उलटं, त्यांनी जून २०२५ मध्ये तिसऱ्या मुदतीसाठी उतरत असल्याचं जाहीर केलं. त्याचा अर्थ ते अध्यक्षपदाला नाहीत असा कोणी लावला तर घाई होईल. जॉर्ज डब्ल्यू. बुश १९९८ मध्ये टेक्ससचे राज्यपाल म्हणून पुन्हा निवडून आले आणि दोन वर्षांनी अध्यक्षपद जिंकले.

द्राक्षबागाईतदार, नाशिक

माझा पहिला प्रतिसाद चुकीचा होता, मागे घेतो. पण मला यातून एक विचारायचंय. उमेदवार ठरवणारे अधिवेशनातले प्रतिनिधी राज्यातल्या मतांवरून इच्छुकांना वाटायची रीत दोन्ही पक्षांत सारखी असते का?

एडिसनचे काका

नाही. डेमोक्रॅटांकडे सगळीकडे प्रमाणात वाटणी, १५ टक्क्यांखाली काही नाही. रिपब्लिकनांकडे मार्चच्या मध्यानंतर राज्य हवं तर सगळे प्रतिनिधी पहिल्यालाच देऊ शकतं. त्यामुळे तिकडे गर्दी असताना पुढचा माणूस झपाट्याने निसटतो. २०१६ ला सतरा जणांत ट्रम्प यांना त्याचा फायदा झाला. ताईंचा विषय डेमोक्रॅटांचा आहे, तिला १५ टक्के पुरे.

रंकाळ्याकाठची

रात्री दोन वाजेपर्यंत बसून तक्ता पुन्हा केला. ३१ नावांपैकी तारीख, गाव आणि कृती मिळाली फक्त अकरांना. उरलेली वीस काढली नाहीत, मागच्या पानावर ठेवली, कारण तिथूनही कोणी पुढे येईल. हॅरिस यांची ओळ सगळ्यांत लांब झाली: २१ जानेवारी २०१९ घोषणा, ३ डिसेंबर २०१९ माघार, ५ ऑगस्ट २०२४ उमेदवारी. पुढचा चौकोन रिकामा. सोमवारी सरांना दाखवते.

आयोवाकर

छान झालंय. हॅरिस यांच्या ओळीत ३० जुलै २०२५ राहिलं, राज्यपालपदाला नाही म्हणाल्या तो दिवस. सोमवारच्या आत घाल.